रविवारच्या सभेचा चार्ज

महाळुंगे,
५ ऑगस्ट २०२४

अंजली,

हे पत्र लिहिण्याचं कारण एकच आहे, तुमच्या नेतृत्व वर्गाचा नियम. ज्याने आपला माणूस वर्गाला पाठवला त्याने त्या माणसाला अधूनमधून हाताने पत्र लिहायचं आणि त्या माणसाने उत्तर द्यायचं. कामाचं बोलणं फोनवर करायचं नाही. पत्रं नसतील तर वर्ग पूर्ण धरणार नाहीत. निगडीहून तसा छापील कागद आला आहे, खाली कोणा निरंजनची सही आहे. बी.ए. झाल्यापासून मी पत्रं लिहिली ती फक्त कचेऱ्यांना. तेव्हा मायना जमला नाही तर समजून घे.

सरकारी माणसं संस्थांत आणि संस्थांची माणसं सरकारी कचेऱ्यांत सहा महिने बसवायची, ही कल्पना मला पटली म्हणून तुला पाठवलं. उद्या ही संस्था तुला चालवायची आहे. टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते तुला ठाऊक असलेलं बरं. राजगुरुनगरचं बालविकास कार्यालय नीट बघून घे. फेब्रुवारीत परत आलीस की लगेच कामाला लागायचं आहे.

तुझ्या बदल्यात आपल्याला पंचायत समितीचे सयाजीराव मिळाले. विस्तार अधिकारी, पन्नाशीचे. मी खोलीत आले की उभे राहतात. पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, चार्ज कोणाकडून घेऊ?"

"कसला चार्ज?"

"अंजली मॅडमच्या कामाचा. जाताना त्यांनी कोणाला तरी दिला असेल ना?"

मी म्हटलं, "अंजली शिकायला गेली आहे, बदली होऊन गेलेली नाही. तिचं काम तिचं आहे."

ते "बरं मॅडम" म्हणाले आणि रुमालाने खुर्ची पुसून बसले. पाळणाघर दाखवलं. कंपन्यांत ठेक्यावर जाणाऱ्या बायकांची मुलं पहाटेच्या शिफ्टपासून इथे असतात हे ऐकून त्यांनी विचारलं, पहाटे हजेरी कोण घेतं? मी म्हटलं, मुलं रडतात ना, तीच हजेरी.

तुझी रविवारची आयांची सभा मी कोणालाही दिलेली नाही. खोल्यांवर जाऊन नव्या बायकांना भेटायचं कामही नाही. तुझं टेबल आहे तसं आहे. कस्तुरा मुलांचं आवरून झालं की रोज पुसते.

जेवण वेळेवर कर.

शालन


राजगुरुनगर,
१९ ऑगस्ट २०२४

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

तुमचं अक्षर इतकी वर्षं पावत्यांच्या मागे आणि फळ्यावर बघितलं, पत्रात पहिल्यांदाच बघते आहे. पाकीट उघडताना उगाच शाळेचा निकाल आल्यासारखं वाटलं.

कार्यालय जुनं आहे. मला खिडकीजवळची जागा दिली आहे. पहिला आठवडा कोणी काम सांगितलं नाही, मग प्रकल्प अधिकारी मॅडमनी बोलावून विचारलं, "तुम्हा संस्थावाल्यांना आमचं सगळं चुकीचं वाटतं. एक गोष्ट सांगा, कोणती आधी बदलाल?" मी म्हटलं, वेळ. अंगणवाडी दहाला उघडते. कंपनीची बस सहाला सुटते. मधल्या वेळात मूल कुठे जाणार? त्या म्हणाल्या, "तोंडी नको. टिपणी लिहा."

ताई, टिपणी लिहायला मला तीन दिवस लागले. आपल्याकडे तुम्ही फोन उचलता, दोन शब्द बोलता आणि काम होतं. इथे प्रत्येक वाक्याला आधार लागतो. चाकण-महाळुंगे भागातल्या अंगणवाड्या पहाटे उघडून तिथेच पाळणाघर जोडावं, असं लिहिलं. खाली माझं नाव आणि सही. मॅडमनी एक ओळ खोडली आणि कागद पुढे पाठवला. माझ्या सहीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मी बघत बसले होते. हसू नका.

खोली बसस्टँडच्या मागे मिळाली आहे. संध्याकाळी बोलायला कोणी नसतं. खिडकीतून भीमा नदीकडचा रस्ता दिसतो.

एक सुचवू? सभेला कस्तुराताईंना बसवा ना. त्या आयांना ओळखतात.

आपली,
अंजली


महाळुंगे,
१० सप्टेंबर २०२४

अंजली,

पत्र मिळालं. "माझ्या सहीचा कागद" हे वाक्य मी दोनदा वाचलं. इथे तुला सही करायला मी कधी अडवलं होतं?

संध्याकाळी बोलायला कोणी नसतं, हे वाचून बरं वाटलं नाही. पण सहा महिने म्हणजे काही वनवास नव्हे. इतके दिवस गेले, उरलेलेही जातील. तू परत यायला आतुर झाली असशील हे मला दिसतं आहे. घाई करू नकोस.

सभेचं म्हणशील तर ती ठीक चालू आहे. मी स्वतः जाऊन बसते. बायका येतात आणि विचारतात, "अंजलीताई कवा येनार?" मी सांगते, फेब्रुवारीत. मग बऱ्याच जणींना धुणं आठवतं. तुझ्यासारखं त्यांच्या मुलांना मांडीवर घेत बोलणं मला येत नाही. मी घड्याळ बघून विषय घेते.

कस्तुराला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "कशाला वं ताई, अंजलीची हाय ती सभा. ती आली म्हंजी मला उठवशीला. त्यापरीस मी बसतच न्हाई." हिंगोलीहून आली त्याला किती वर्षं झाली, पण बोलणं तसंच. तिचं म्हणणं मला पटलं. ठेवलेली जागा ठेवलेली बरी.

सयाजीराव आता प्रत्येक कागदावर जावक क्रमांक टाकतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून रवा मागवायची चिठ्ठीसुद्धा सुटली नाही. दुकानदार ती घेऊन माझ्याकडे आला, "ताई, हे कोर्टाचं आहे का?" परवा त्यांनी विचारलं, "मॅडम, खोल्यांच्या भेटीचा वार कोणता?" मी म्हटलं, त्या भेटी अंजली करते. तुम्ही गेलात तर बायका दार उघडणार नाहीत. म्हणाले, "मग कस्तुराबाईंबरोबर जातो." मी म्हटलं, अंजली आल्यावर बघू.

गणपतीला आली नाहीस. आरती कोणालाच पूर्ण येत नव्हती.

शालन


राजगुरुनगर,
३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय ताई,

नमस्कार. गेल्या शनिवारी निगडीला वर्गाचं सत्र होतं. तिथे सयाजी सर भेटले. तुम्ही मला जे लिहिलं नाहीत ते त्यांच्याकडून कळलं.

प्रज्वलचं कळलं. तीन वर्षांचं पोर, आई परभणीची, नुकतीच आलेली. पहिल्या शिफ्टला जाताना बाहेरून कडी घालून जायची. आपलं पाळणाघर दोन गल्ल्या सोडून आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सयाजी सर सकाळी त्या रस्त्याने येत होते, रडणं ऐकून थांबले, खोलीच्या मालकाला बोलावून दार उघडलं. पोराचं अंग तापानं भाजत होतं म्हणे. वेळेवर उघडलं म्हणून बरं.

ताई, नव्या खोल्यांवर कोण जातंय? आणि तुम्ही "सभा ठीक चालू आहे" असं का लिहिलंत?

सत्रात "गेल्या महिन्यात काय शिकलात" असं विचारलं तेव्हा सर उभे राहिले. ते उभं राहिल्याशिवाय बोलतच नाहीत. म्हणाले, "माझी जितक्या वेळा बदली झाली तितक्या वेळा मी चार्ज दिला. जुन्नरहून निघताना ट्रकमध्ये सामान भरलेलं, बायको ड्रायव्हरशेजारी बसलेली, आणि मी कचेरीत चार्ज देतोय. ती आजही ऐकवते. पण चार्ज दिला नाही तर मागे राहणाऱ्याला काम करता येत नाही आणि जाणाऱ्याला जाता येत नाही. या संस्थेत माणसं फार चांगली आहेत. चार्ज मात्र कोणी कोणाला देत नाही." सरकारी मंडळी हसली.

चूक माझीही आहे. मीच सांगून जायला हवं होतं की हे काम आता कोणाचं. मला वाटलं होतं, तुम्ही कोणाला तरी द्याल.

कृपा करून कस्तुराताईंना द्या. आजच द्या.

अंजली


महाळुंगे,
११ नोव्हेंबर २०२४

अंजली,

प्रज्वलचं लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू वर्ग सोडून धावत आली असतीस. मला ते नको होतं. तू येण्यासारखं काही घडलं तर तू येशील, आणि मग तुझं तिकडचं अर्धवट राहील. एवढाच विचार केला.

तो आता रोज येतो. तब्येत उत्तम आहे. काल त्याने सयाजीरावांच्या पोटरीवर लाथ मारली. ते म्हणाले, "मॅडम, याची तक्रार कोणत्या तक्त्यात भरू?" त्यांनाही विनोद करता येतो हे कळायला मला तीन महिने लागले.

खोल्यांच्या भेटी मी स्वतः सुरू केल्या आहेत. जिने फार आहेत. लोकांनी ऊस होता त्या जागी पाच-पाच मजले खोल्या बांधल्या, कठडा बांधायला मात्र विसरले. बायका दार उघडतात, मला "मावशी बसा" म्हणतात आणि पदर सावरून परीक्षेला बसल्यासारख्या उत्तरं देतात. तू भेटायला गेलीस की त्या मोकळ्या हसतात, हे मी जिन्याखाली उभी राहून कितीदा ऐकलं आहे.

कस्तुराला दे म्हणतेस. देणार नाही. ती चांगली आहे. पण तिला दिलं आणि तू आलीस तर काय करणार? तुला म्हणू, बस एका बाजूला?

तुमच्या निगडीच्या लोकांनी वरिष्ठांनाही एक दिवस बोलावलं होतं. खुर्च्या गोल मांडलेल्या. निरंजन नावाचा तो मुलगा, बोलताना हात फार हलवतो. माझ्या एका बाजूला कोण उपायुक्त होते, दुसऱ्या बाजूला अपंगांची शाळा चालवणारे गृहस्थ. निरंजन म्हणाला, "ताई, समजा उद्या तुम्ही नसलात, तर संस्थेचं काय होईल?"

मी म्हटलं, "उद्या मी आहे. उद्या मंगळवार, धान्य यायचं आहे."

सगळे हसले. उपायुक्तही हसले. निरंजन मात्र हसला नाही, त्याने तोच प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. दिवसभर तो माझ्यासमोर होता. मी सरळ उत्तर दिलं, अंजली आहे. तो म्हणाला, "त्यांना तसं विचारलंय?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. घरात कोणी विचारतं का.

दिवाळीत तू निवडणुकीच्या कामात अडकलीस असा निरोप आला. आचारसंहितेत तुझी टिपणीही अडकली असेल. चकल्या सयाजीरावांनी संपवल्या. तू असतीस तर त्या कडक झाल्या असं तोंडावर सांगितलं असतंस. बाकी कोणी सांगत नाही.

शालन


राजगुरुनगर,
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय ताई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, माफ करा. मतदान, मग मोजणी, मग इथली तुंबलेली कामं.

टिपणी मंजूर झाली! सगळी नाही. प्रयोग म्हणून चाकणजवळच्या दोन अंगणवाड्या पहाटे उघडणार. तिथल्या सेविकांनी आधी मला खूप झापलं. एक म्हणाली, "बाई, तुमच्या सहीनं आमची झोप गेली." मग दोघींनीच ठरवलं, एकीने पहाटे यायचं, एकीने दुपारी. पहिल्या दिवशी मी साडेपाचला तिथे जाऊन उभी राहिले. अंधारात एक बाई पोराला शालीत गुंडाळून आली. दार उघडं बघून ती बाहेरच थांबली, आत यायचं की नाही ते तिला कळेना. मीच हात धरून आत घेतलं.

तुम्ही जिने चढू नका. गुडघ्याला पट्टा लावता का?

बाबा बरे आहेत. तुमची आठवण काढतात. बाकी परत आले की समक्ष बोलू. काही गोष्टी समक्षच बोलायच्या आहेत.

आपली,
अंजली


महाळुंगे,
१४ जानेवारी २०२५

अंजली,

"समक्ष बोलू" याचा अर्थ मी असा घेतला होता की संस्थेचं पुढचं कसं करायचं ते बोलू. त्यासाठी मी कागदावर मुद्दे काढायलाही सुरुवात केली होती. 

काल सोपानदादा राजगुरुनगरला सातबाराच्या कामाला गेला होता. परत येताना इथे डोकावला. दारातूनच ओरडला, "ए शाले! तुझी अंजली सायबीण झाली की!"

मी म्हटलं, "काय झाली?"

"अगं, मुख्यसेविका का काय म्हनत्यात ती. सरकारी नोकरी. कचेरीत पेढं वाटत व्हती. मी दोन खाल्लं. तुला न्हाई पोचलं?"

मी म्हटलं, "पोचतील."

"घोडेगावला नेमनूक हाय म्हनं, पार डोंगराकडं. मंग हितं कोन बघनार?"

मी म्हटलं, "दादा, चहा घेणार की जाणार?" तो गेला. जाताना सयाजीरावांना म्हणाला, "राव, आमच्या बहिनीचं तोंड बघा. पेढा हिला लागला." सयाजीराव त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

मी तुला पाठवलं ते टेबलाच्या पलीकडचं बघून यायला. तिथेच बसायला पाठवलं नव्हतं. तो वर्ग नेतृत्व शिकवतो की आमची माणसं पळवतो, हे मी त्या निरंजनला विचारणार आहे. सहा महिन्यांत त्यांनी तुझ्या डोक्यात काय भरवलं ते कळलं तर बरं.

अभिनंदन. हे मनापासून लिहिते आहे, जरी तसं वाटलं नाही तरी.

शालन


राजगुरुनगर,
२२ जानेवारी २०२५

ताई,

मायना लिहिताना हात थांबला. "आदरणीय" लिहिलं तर तुम्हाला ते दूरचं वाटेल असं वाटलं. म्हणून नुसतं ताई.

पेढे घेऊन मी रविवारी येणार होते. सोपानदादा आधी भेटले. त्यांना नाही म्हणता येईना.

वर्गाने मला पळवलं नाही. अर्ज मी वर्गाला येण्याच्या आधी भरला होता. परीक्षा जूनमध्ये दिली. आळंदीला मैत्रिणीच्या लग्नाला जाते म्हणून तुमच्याकडून सुट्टी घेतली होती, तो परीक्षेचा दिवस होता. निवड होईल असं वाटलं नव्हतं, म्हणून बोलले नाही. झाली तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही. तुमच्या प्रत्येक पत्रात फेब्रुवारी असायचा.

कारण विचाराल. तुम्ही मला कधी काही कमी केलं नाहीत. पिंपरीच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन तुम्ही बाबांना म्हणालात, ही पोरगी मला द्या, मी हिला उभी करते. तुम्ही उभं केलंत. पण महाळुंग्यात, चाकणात, कंपनीच्या गेटवर मला सगळे "शालनताईंची अंजली" म्हणतात. दार उघडतं ते तुमच्या नावाने. इथे पहिल्यांदा माझ्या नावाने एक दार उघडलं, ते पहाटेचं अंगणवाडीचं. मला आणखी दारं उघडून बघायची आहेत. घोडेगावच्या वरच्या वाड्यांना ना बस आहे ना कंपनी. तिथे कोणालाच तुमचं नाव ठाऊक नाही. मला भीतीही वाटते, आणि म्हणूनच जावंसंही वाटतं.

बाबा जन्मभर मशीनपुढे उभे राहिले. निवडीचं सांगितलं तेव्हा ते लगेच उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि विहारात जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "शालनताईंना विचारलंस?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "त्यांनी सोडल्याशिवाय जाऊ नकोस."

हजर होताना आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र लागतं. ते तुमच्या सहीचं हवं. मागायला लाज वाटते, पण मागते आहे.

मला इथे रोज संध्याकाळी पाळणाघर आठवतं. सगळी मुलं गेल्यावर तुम्ही एकेक सतरंजी झटकता तो आवाज आठवतो. हे तुम्हाला खरं वाटेल की नाही माहीत नाही. खरं आहे.

अंजली


महाळुंगे,
१० फेब्रुवारी २०२५

अंजली,

तू काल संध्याकाळच्या गाडीने गेलीस. आज वर्गाच्या नियमाप्रमाणे माझं शेवटचं पत्र. त्यासोबत कार्यमुक्तीचं पत्र आणि काल लिहिलेल्या नोंदीची प्रत पाठवते आहे. मूळ नोंद कस्तुराकडे आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सयाजीरावांना विचारलं, "कार्यमुक्त करायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?" ते उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, लिहायचं सोपं आहे. पण आधी चार्ज होऊ द्या. चार्ज न घेता सोडलं तर ते माणूस हाकलल्यासारखं होतं." मी म्हटलं, "अडवून धरलं तर?" म्हणाले, "तेही करता येतं. मग ती मनाने तिकडे आणि नावाने इकडे. असे मी पुष्कळ पाहिले. दोन्हीकडे खुर्ची रिकामी." एवढं बोलून बसले. दुसऱ्या दिवशी मी तुला रविवारी यायचा निरोप धाडला.

प्रत्येक पत्रात फेब्रुवारी असायचा हे तू लिहिलंस तेव्हा मी माझी पत्रं पुन्हा वाचून पाहिली असती, पण ती तुझ्याकडे आहेत. तुला परत ये असं मी सरळ कधी लिहिलं नाही. ते गृहीत होतं. आता निदान एकदा नीट लिहिते, म्हणजे कागदावर राहील. मला तू इथे हवी होतीस. संस्थेला हवी होतीस ते वेगळं. मला हवी होतीस.

यावर उत्तर द्यायचं नाही.

काल तू आणि कस्तुरा सतरंजीवर समोरासमोर बसलात तेव्हा आधी कोणालाच सुरुवात करता येईना. कस्तुरा म्हणाली, "मला भ्या वाटतंय गं. कागुद बघून." तू म्हणालीस, "कागद ताई लिहिणार, आपण नुसतं बोलायचं." मग तुम्ही बोलत राहिलात. कोणती बाई कोणत्या शिफ्टला, कोणाचा नवरा दार उघडू देत नाही, कोणाला आधी चहा द्यायचा. मी लिहीत होते. तुझ्या डोक्यात एवढं आहे हे मला माहीत होतं. ते असं काढून दुसऱ्याला देता येतं हे मात्र बघितलं नव्हतं. मध्येच कस्तुरा म्हणाली, "थांब, ही लक्ष्मी मला ठावं हाय. तिचं पोरगं रातीला खोकतंय, ते तुला ठावं न्हाई." तू म्हणालीस, "नाही." तिथे मला वाटलं, झालं. चार्ज घेतला गेला.

सभा झाली तेव्हा मागच्या रविवारपेक्षा बायका जास्त होत्या. तुला निरोप द्यायला आल्या असतील. पुढच्या रविवारी किती येतात ते कस्तुराने बघायचं आहे. मी जाणार नाही. घरी बसून राहणं जमेल असं वाटत नाही, तेव्हा सोपानदादाकडे जाईन आणि त्याच्याशी भांडेन.

घोडेगावला थंडी असते. स्वेटर घे. आणि टिपणी लिहिताना पहिलं वाक्य लांबवू नकोस, ती तुझी जुनी सवय आहे.

शालन

नोंदीची प्रत:

महाळुंगे पाळणाघर, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. चार्ज देणार अंजली जयसिंग, घेणार कस्तुरा. समक्ष सयाजीराव आणि शालन.

दिलं ते असं. रविवारची आयांची सभा, विषय ठरवण्याच्या अधिकारासकट. नव्या खोल्यांच्या भेटी; वार कस्तुराने ठरवायचा, सोबत कोणाला न्यायचं तेही. पहाटेच्या पाळीचं दार उघडणं. पाळणाघराचा मोबाईल, चार्जरसह. चार्जर सैल आहे, धरून लावावा लागतो. कंपनीच्या गेटवरच्या दोन सुरक्षारक्षकांची ओळख, ती आज दुपारी समक्ष जाऊन करून दिली. प्रज्वलच्या आईला घरी जाताना रस्त्यापर्यंत सोबत करणं, तिची पाळी बदलेपर्यंत. अंजलीचं टेबल. त्यावर अंजलीचं काही राहिलेलं नाही, खण रिकामे करून दाखवले.

आणखी एक. सभा संपल्यावर ताई जेवत नाहीत, भूक नाही म्हणतात. त्यांना विचारायचं नाही, ताट वाढून समोर ठेवायचं.

(ही शेवटची नोंद मला मान्य नव्हती. खोडायला सांगितली. देणाऱ्याने सांगितलेली नोंद घेणाऱ्याच्या संमतीशिवाय खोडता येत नाही, असं सयाजीरावांचं म्हणणं पडलं. कस्तुराने संमती दिली नाही. शालन.)

वरीलप्रमाणे सर्व दिलं. अंजली.

वरीलप्रमाणे सर्व मिळालं. कस्तुरा.